आजारी बाळ आणि अंगावरचं दूध: बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या आयांना अंगावर पाजायला मदत करणं हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून दवाखान्यात जायचं टाळू नका. पण बाळ आजारी पडलं की बऱ्याच घरांतून पहिला फोन मला येतो, आणि पावसाळा लागला की असे फोन रोज येतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात, ते इथे आयांच्याच शब्दांत मांडले आहेत.

बाळाला जुलाब लागलेत. सासूबाई म्हणतात एक दिवस दूध बंद ठेव, पोटाला आराम पडेल. ठेवू का?

नाही. एक वेळचंही बंद ठेवू नका. इथलं बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा.

पोटाला आराम द्यायचा हा सल्ला बहुधा वरच्या दुधाच्या काळातून आला असावा. गाईचं किंवा पावडरचं दूध बाटलीतून देताना बाटलीतूनच जंतू जायचे, म्हणून दूध थांबवलं की कधी कधी बरं वाटायचं. अंगावरच्या दुधाचं तसं नाही. त्यात जवळपास ८७ ते ८८ टक्के पाणीच असतं. शिवाय साखर, क्षार आणि जंतूंशी लढणारी द्रव्यं असतात, आणि पातळ शी होत असतानाही बाळाचं आतडं ते बऱ्यापैकी शोषून घेतं. जुलाबात बाळाच्या अंगातून जे जातंय, ते भरून काढणारी पहिली गोष्ट तुमच्याकडेच आहे.

हे मी पोटतिडकीने सांगते त्याला कारण आहे. माझी थोरली पाच महिन्यांची असताना तिला जुलाब झाले. एका दवाखान्यात सांगितलं, चोवीस तास दूध नको, ग्लुकोजचं पाणी द्या. मी दिलं. संध्याकाळपर्यंत माझी छाती दगडासारखी दाटली होती, पदर भिजत होता, आणि मांडीवरची पोर कोरड्या ओठांनी छातीकडे तोंड वळवत होती. सकाळी बांधलेला लंगोट दुपारी चारलाही कोरडाच होता. शेवटी शेजारच्या एका निवृत्त परिचारिका आल्या, त्यांनी तिच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडली आणि म्हणाल्या, “आधी हिला अंगावर घे, रिक्षा मी बघते.” दवाखान्यात जाईपर्यंत वाटभर ती पीत होती. ती वाचली. पण त्या दिवशी मी तिला उपाशी ठेवलं, हे मला आजही टोचतं.

मग किती वेळा पाजू?

नेहमीपेक्षा जास्त वेळा आणि दर वेळी जास्त वेळ. घड्याळ लावू नका. एरवी दर तीन तासांनी घेणारं बाळ आजारपणात दर तासाला मागेल, रात्रभर छातीला लागून राहील, दोन मिनिटं पिऊन झोपेल आणि पुन्हा उठेल. हे सगळं चालेल. झोपून गेलेलं बाळ दोन-अडीच तास झाले तरी उठलं नाही, तर त्याला हलकेच उठवून पाजा: दुपटं काढा, तळपायाला चोळा, लंगोट बदला. उठवूनही उठत नसेल तर ती झोप नाही, ग्लानी आहे. तेव्हा थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे. ताप आहे, ऊन मी म्हणतंय. वरचं पाणी दोन चमचे दिलं तर काय बिघडतं?

बिघडतं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. विदर्भ-मराठवाड्यातल्या आया मला नेहमी विचारतात, आमच्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांत तरी? हो, त्या उन्हातही. मनसोक्त पिणाऱ्या बाळाला कडक उन्हातही वरचं पाणी लागत नाही, हे उष्ण प्रदेशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे.

बाळाचं पोट एवढंसं असतं. त्यात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं. दुसरं, पाणी कितीही गाळलं तरी वाटी, चमचा, हात यांतून जंतू जातात. तिसरं फारसं कुणाला माहीत नसतं: एवढ्या लहान बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकू शकत नाहीत. नुसतं पाणी बरंच दिलं गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्यातून बाळाला झटकेही येऊ शकतात.

जुलाब झाले असतील तर दुधाच्या जोडीला ओआरएस, म्हणजे पुडीतून मापात कालवलेलं मीठ-साखरेचं पाणी, द्यायचं असतं. ते नुसतं पाणी नव्हे, त्याबद्दल पुढे आहे.

पण हे जुलाबच आहेत हे कशावरून? आमचं बाळ एरवीही दिवसातून आठ वेळा शी करतं.

चांगला प्रश्न, कारण निम्मी घबराट इथेच संपते. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळसर, पिवळी, मोहरी भिजत घातल्यासारखी कणीदार असते. काही बाळं प्रत्येक पाजण्यानंतर करतात, काही दीड-दोन महिन्यांची झाली की चार-चार दिवस करतच नाहीत. दोन्ही ठीक. आकडा बघू नका, बदल बघा. कालपर्यंत कणीदार होती ती आज पाण्यासारखी झाली, लंगोटात शोषली जाऊन फक्त डाग उरतो, वास बदलला, जोरात पिचकारीसारखी होते, बाळ सुकलेलं दिसतं, तर ते जुलाब. शीमध्ये रक्त दिसलं तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवा.

“दात येताहेत म्हणून होतंय” असं म्हणून थांबू नका. दात यायच्या वयात बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. कारण काहीही असलं तरी अंगातलं पाणी कमी होतंच.

अंगातलं पाणी कमी झालंय हे घरी कसं ओळखू?

शू मोजा. पहिला आठवडा सरल्यावर नीट पिणारं बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करतं, आणि ती जवळपास बिनरंगी असते. आजारपणात एक-दोन कमी होतील. पण सलग सहा तास लंगोट कोरडा राहिला, किंवा शू गडद पिवळी आणि उग्र वासाची झाली, तर बाळाला पुरेसं मिळत नाहीये. नवजात बाळाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसू शकतो. त्यानंतरही दिसत राहिला तर दूध कमी पडतंय असं समजा आणि दाखवा.

त्याखालोखाल तोंड. स्वच्छ धुतलेलं करंगळीचं टोक ओठांच्या आत लावून बघा. ओलसर, बुळबुळीत लागायला हवं. बोट चिकटलं तर तोंड कोरडं पडलंय. डोळे आत गेलेत का, हे आईला सर्वांत आधी कळतं. “चेहरा वेगळाच दिसतोय” असं तुम्हाला वाटलं तर त्यावर विश्वास ठेवा. रडताना पाणी येत नाही हीसुद्धा खूण आहे, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत कित्येक बाळांना तसंही अश्रू येत नाहीत, म्हणून लहान बाळात तिच्यावर अवलंबून राहू नका.

टाळू बघताना बाळाला उभं धरा आणि ते शांत असताना बघा. आडव्या किंवा रडणाऱ्या बाळाची टाळू फुगलेली दिसते. उभं असताना टाळू वाटीसारखी खोल गेली असेल तर आतलं पाणी कमी झालंय. पुष्कळ घरांत टाळू खोल दिसली की तिच्यावर तेल जिरवतात. वरून घातलेलं तेल आत पाणी नेत नाही, आणि त्यात तास-दोन तास निघून जातात.

आता त्या परिचारिकाबाईंची कातडी धरायची पद्धत. बाळाला पाठीवर झोपवा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनीत उभी धरून उचला, क्षणभर धरा, सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी. सावकाश बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ तिथे घडी तशीच राहिली तर फारच कमी झालंय. खूप गुटगुटीत किंवा खूप रोडावलेल्या बाळात ही खूण फसवते.

आणि वागणं. सुरुवातीला बाळ किरकिरं होतं आणि अधाशासारखं पितं. पुढे ते शांत होतं. रात्रभर रडलेलं बाळ एकदम गप्प झालं की घरातले म्हणतात, “बरं झालं, निजलं.” ते निजलंय की मलूल होऊन पडलंय, हे त्याला छातीला लावून बघा.

डायपरमध्ये शू कळतच नाही. काय करू?

आजारपणापुरते डायपर बाजूला ठेवा आणि आजीच्या जुन्या सुती साडीचे लंगोट काढा. ते जमणार नसेल तर कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातावर तोलून बघा. एका चांगल्या शूचं वजन साधारण तेवढं असतं. हाताला ते वजन एकदा कळलं की अंदाज येतो. पातळ शीमुळे शू झाली का हे समजत नसेल, तर डायपरमध्ये पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवा.

आजारपणाआधीचं वजन माहीत असेल तर फार मदत होते. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात बाळाचं उघड्या अंगाने वजन करून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. जन्मल्यापासून बेचाळीस दिवसांत आशाताई ठरावीक दिवशी घरी येऊन वजन-ताप बघतात. या घरपोच नवजात काळजीची वाट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दाखवली आणि पुढे ती देशभर गेली. ताई दाराशी आल्या की “आमचं बाळ ठीक आहे” म्हणून परत पाठवू नका.

तडक दवाखाना कधी गाठायचा?

बाळ पीतच नाही, किंवा प्यायलेलं सगळंच्या सगळं बाहेर येतंय. उठवून उठत नाही. झटके आले. सहा तासांत शू नाही. शीमध्ये रक्त आहे. उलटी हिरवी आहे: आतडं अडल्याची ती खूण असू शकते, त्यासाठी मिनिटभरही थांबू नका. श्वास भरभर चाललाय: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजून. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय. हातपाय गार पडलेत. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब झाले तर वरची एकही खूण नसली तरी त्याच दिवशी दाखवा.

गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात न्यायला एक वर्षाखालच्या आजारी बाळासाठी १०२ ची गाडीही मोफत असते. आणि वाटेत पाजत राहा. गाडीत बसल्यावर पाजू नये असं काही नाही.

ओआरएस कसं द्यायचं? अंगावर पिणाऱ्या बाळाला चालतं का?

जुलाबात चालतं, आणि दुधासोबत द्यायचं असतं. क्रम असा: आधी छाती, मग ओआरएस. ओआरएसने पोट भरून दूध मागे पडता कामा नये.

एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात. पाणी उकळून गार केलेलं. मापासाठी पाण्याची एक लिटरची बाटली वापरा, डोळ्यांनी अंदाज नको. पुडीवर आधी वाचा, कारण २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात. अर्धी पुडी आत्ता, अर्धी नंतर असं करू नका: पावडरीतलं मीठ आणि साखर समप्रमाणात येत नाही. पाणी कमी घेतलं तर मीठ जास्त होतं आणि ते बाळाला घातक आहे. जास्त घेतलं तर उपयोग राहत नाही. कालवल्यावर उकळायचं नाही, दूध-साखर घालायची नाही, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

प्रमाण: दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे ५ मिलीच्या चमच्याने दहा ते वीस चमचे. वाटी-चमच्याने, बाळाला टेकवून बसवून, एक-दोन मिनिटांनी एक चमचा. घाई केली की उलटी होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला किती द्यायचं हे डॉक्टरांना किंवा आरोग्य सेविकेला विचारून.

बोंडल्याने देऊ का, असं कोकणातल्या एका आजींनी विचारलं होतं. देता येतं, पण बोंडल्याच्या नळीत दूध सुकून बसतं आणि ते निघत नाही. वाटी-चमचा उघडा असतो, घासता येतो, उकळता येतो. माझं मत वाटी-चमच्याला. बाटलीला तर अजिबात नाही.

मीठ-साखरेच्या पाण्याने खरंच फरक पडतो? सलाईनच लावून घेतलेलं बरं ना?

बाळ पीत असेल तर फरक पडतो, आणि तो जगाला आपल्याच देशातून दिसला. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, लावायला माणसं नव्हती. कोलकात्याहून गेलेल्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मापात मिसळून पिंपांत पाणी तयार केलं आणि नातेवाइकांनाच पाजायला शिकवलं. जिथे शंभरातली तीस माणसं दगावत होती, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

याचं मर्म आतड्याच्या भिंतीत आहे. जुलाबात नुसतं पाणी शोषलं जात नाही, पण मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र आले की जोडीने आत जातात आणि आपल्या मागे पाणी ओढून नेतात. ही जोडी अंगावरच्या दुधातही सौम्य रूपात आहे. साखर फार झाली की उलटं होतं, आतडं पाणी बाहेर ओढतं आणि जुलाब वाढतात. म्हणून ग्लुकोजचं पाणी, डब्यातले फळांचे रस, थंड पेयं बाळाला देऊ नयेत.

बाळ पिऊ शकत नसेल, ग्लानीत असेल तर सलाईन लागतंच, आणि तेव्हा ते लावायला उशीर नको. सलाईन चालू असतानाही डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर छातीला लावा.

औषधाच्या दुकानात ‘ओआरएस’ लिहिलेली चवदार तयार पेयं असतात. ती चालतील?

त्यांतली बरीच नुसती साखरेची पेयं होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. तरी घेताना पाकीट उलटून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. त्या सूत्रात लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि साधं मीठ २.६ ग्रॅम असतं. अंगणवाडीत, उपकेंद्रात, आशाताईंकडे मिळणारी फुकटची पुडी अगदी योग्य आहे. फुकट आहे म्हणून कमी प्रतीची समजू नका.

झिंकच्या गोळ्या दिल्यात. जुलाब तर थांबले. आता बंद करू?

नको, पूर्ण चौदा दिवस द्या. त्याने हे जुलाब लवकर आटोपतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा व्हायची शक्यताही कमी होते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी. सहा महिन्यांपुढे पूर्ण गोळी. चमच्यात थोडं अंगावरचं दूध पिळा, गोळी त्यात टाका, ती आपोआप विरघळते. चव तुरट असते, बाळ तोंड वाकडं करेल. तरी द्या.

प्यायलं की उलटी करतं. पाजू की नको?

पाजा, पण थोडं थोडं. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटंच छातीला लावा, काढा, थोड्या वेळाने पुन्हा लावा. पान्हा जोरात येत असेल तर पहिली धार रुमालावर जाऊ द्या, म्हणजे बाळाच्या तोंडात एकदम भरणार नाही. उलटीत सगळं गेलं असं वाटतं, पण बरंचसं दूध आत राहिलेलं असतं. दुपट्यावर सांडलेलं दोन चमचे दूधही वाटीभर दिसतं. ढेकर काढताना ओठांवाटे येणारं दूध म्हणजे उलटी नव्हे.

सर्दीने नाक चोंदलंय. छातीला लागतं आणि रडत सुटतं.

तोंडात छाती असताना त्याला श्वास नाकानेच घ्यायचा असतो, म्हणून ते सोडून देतं. पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब, म्हणजे सलाईन ड्रॉप्स, प्रत्येक नाकपुडीत एक-दोन घाला. मग बाळाला जरा उभं धरून पाजा. नाकात तेल घालू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. त्यांतल्या काहींनी गुंगी येते, आणि गुंगलेलं बाळ पीत नाही.

सर्दी-खोकल्यात बाळ नेहमीच्या निम्म्याहून कमी पिऊ लागलं, तर नाकापेक्षा बाळाच्या फुप्फुसांचा विचार करायला हवा. त्या दिवशीच दाखवा.

ताप आहे. पॅरासिटामॉल किती देऊ?

वजनावर ठरतं, डॉक्टरांकडून लिहून घ्या. मी एवढंच सांगेन: थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, आणि सिरपच्या बाटलीत पाच मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम. शेजारच्या मोठ्या मुलाचं माप बघून थेंबांच्या बाटलीतून पाच मिली दिलं तर ते दुप्पट ते चौपट होतं. बाटली हातात घेऊन लेबल वाचा. तापात अंगातलं पाणी जास्त उडतं, म्हणून कुंची-गोधडीत गुंडाळू नका, एक सुती झबलं पुरे. आणि तासातासाला पाजा.

बाळ छातीला लागतच नाही, तोंड फिरवतं. आता?

यात आया सर्वांत जास्त खचतात. “माझं दूधच त्याला नको झालंय” असं एकीने मला रात्री दीड वाजता रडत सांगितलं होतं. बाळाचा तिच्यावर राग नव्हता. त्याचा घसा दुखत होता, तोंडात फोड आले होते.

अंधाऱ्या, शांत खोलीत बसा. बाळाचं झबलं काढा, तुमचा ब्लाउज सैल करा, उघड्या अंगाला उघडं अंग लावून त्याला छातीवर झोपू द्या. पाजायचा प्रयत्नही करू नका. अर्धवट झोपेत कित्येक बाळं आपणहून तोंड लावतात. चालता चालता, झुलवत पाजून बघा.

तरी घेतलं नाही तर दर दोन-तीन तासांनी हाताने दूध पिळून वाटीत काढा आणि चमच्याने द्या. याने बाळाला दूध मिळतं आणि तुमची छाती दाटून गाठ होत नाही. काढलेलं दूध झाकून ठेवा, घरात गारवा असेल तर चार तासांत वापरा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. चमच्यानेही घेत नसेल तर दवाखाना.

मलाच ताप आहे, जुलाब आहेत. माझं बाळाला लागेल ना?

तुमचा आजार बहुतेक वेळा तुम्हाला कळायच्या आधीच बाळापर्यंत पोचलेला असतो. आणि त्या जंतूंविरुद्ध तुमचं शरीर जे बनवतं, ते दुधातून बाळाला मिळतं. पाजणं थांबवलं की ते बंद होतं. हात साबणाने धुवा, सर्दी-खोकला असेल तर तोंडाला रुमाल बांधा, आणि पाजा. औषध लिहून देणाऱ्याला “मी अंगावर पाजते” हे आधी सांगा. तापाची साधी पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालते.

तहान लागेल तेवढं पाणी प्या, जुलाब असतील तर तुम्हीही ओआरएस घ्या. उन्हातून आल्यावर दूध तापतं, नासतं, म्हणून पिळून टाकावं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दूध छातीत नासत नाही. तुम्ही काल खाल्लेली वांग्याची भाजीही बाळाच्या आजाराला कारण नाही.

जायफळ, मध, ग्राइप वॉटर, घुटी?

यांतलं काही नको. आजींना वाईट वाटेल, पण बाळ आजारी असताना तरी नको. जायफळ उगाळून चाटवलं की बाळ गुंगतं, आणि गुंगलेलं बाळ पाणी कमी झाल्याची खूण दाखवत नाही. मध एक वर्षाच्या आत कधीच नाही, त्यातून बाळाला बॉट्युलिझम नावाचा अंग लुळं पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. जुलाब बंद करायच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

घरातल्या मोठ्या बाईला दुखवायचं नसेल तर तिला दुसरं काम द्या: दर दोन मिनिटांनी एक चमचा ओआरएस, शंभर मिली संपेपर्यंत. याला धीर लागतो, आणि तो आज्यांकडे आईपेक्षा जास्त असतो.

आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, खातंही. त्याला काय द्यायचं?

आधी अंगावरचं, मग ओआरएस, त्यासोबत चिमूट मीठ घातलेली भाताची पेज, ताजं ताक, मऊ वरण-भात त्यावर चमचाभर तूप किंवा तेल, कुस्करलेलं केळं. डाळीचं नुसतं वरचं पाणी नको, डाळही घोटून द्या. शहाळ्याचं पाणी थोडं चालेल, पण त्यात सोडियम कमी असतं, ते ओआरएसऐवजी नाही. चहा नको, बिस्किटं चहात बुडवून तर नकोच.

बाळ दवाखान्यात भरती आहे, मला आत जाऊ देत नाहीत. दूध सुकून जाईल का?

दर तीन तासांनी, रात्री एकदा तरी, पिळत राहा, म्हणजे सुकणार नाही. काढलेलं दूध बाळाला देता येईल का, हे परिचारिकांना रोज विचारा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मातृदुग्धपेढीही असू शकते. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि आजारी, कमी दिवसांच्या बाळांना तिथे दुसऱ्या आईचं तपासलेलं, पाश्चराइझ केलेलं दूध मिळतं. तुमच्या रुग्णालयात तशी सोय आहे का, तेही विचारा.

जुलाब थांबून चार दिवस झाले, पण बाळ सारखं छातीलाच लागलेलं असतं. दूध कमी झालंय का?

बहुतेक वेळा नाही. आजारात गेलेलं वजन ते भरून काढतंय, आणि त्याच्या ओढण्याने दूधही वाढतंय. आठवडा-दोन आठवडे असं चालेल. खाणारं बाळ असेल तर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. अंगणवाडीत जाऊन वजन करून घ्या, आजारपणाच्या आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा, आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांना मिळणारा रोटाव्हायरसच्या, म्हणजे जुलाबाच्या एका विषाणूवरच्या, लसीचा डोस राहिला असेल तर त्याच फेरीत आशाताईंना विचारून घ्या.